दोंद्यांच्या पायलनं गाण्याचे तुकडे केले

आमच्या शेजारची पायल दोंदे नेमकं काय करते, हे नाशिकच्या सिडकोत कुणालाही विचारा. प्रत्येक जण वेगळं उत्तर देईल, आणि प्रत्येक जण आवाज खाली करून देईल. किराणावाला म्हणेल, हॉटेलात कामाला आहे म्हणे. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली म्हणेल, काळा ड्रेस घालून मोठ्या लोकांच्या पार्ट्यांना जाते. मला विचाराल तर मी आधी तुम्हाला बसा म्हणेन, चहा टाकेन आणि मग सांगेन, कारण माझ्याकडे माल जास्त आहे. त्यांची आणि आमची भिंत एकच. योजनेची घरं बांधताना कुणीतरी विटा वाचवल्या, त्याचं पुण्य मला लागलं.

पहिला संशय मला ती नववीत असताना आला. पोरगी दर रविवारी सकाळी न्हाऊनधुऊन, वेणी घालून देवळाली कॅम्पच्या बसला उभी राहायची. "क्लास आहे, मावशी," म्हणायची. आता तुम्हीच सांगा, रविवारी सकाळी कसला क्लास? मग कळलं, तिकडे डिमेलो नावाच्या म्हाताऱ्या बाई आहेत आणि त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. झालं. गल्लीत कुजबुज सुरू झाली. दोंद्यांची पोर तिकडे कशाला जाते? समाजमंदिरात वंदनेला बोलावलं तर झोप येते, आणि तिकडे बरी जाग येते!

तिचे वडील रवीभाऊ अंबडला एका कारखान्यात फिटर. लग्नसराईत भिमाजी मास्तरांच्या ब्रास बँडमध्ये साईड ड्रम वाजवतात. बोलणं मोजकं, बघणं जास्त. एका रविवारी ते स्कूटर काढून गुपचूप तिच्या बसमागं गेले. परत आले तेव्हा मी अंगणातच तांदूळ निवडत होते. निवडलेलेच पुन्हा निवडत होते, खरं सांगायचं तर.

"काय करते हो तिथं?"

"चढते आणि उतरते," रवीभाऊ म्हणाले.

"अगंबाई! कुठं?"

"सुरांवर. कुंपणाबाहेर उभा होतो. खालून वर जाते, वरून खाली येते. जिना पुसायला लावल्यासारखी. मधेच बाई ओरडतात, की पुन्हा पहिल्या पायरीपासून."

धर्म बुडत नव्हता, पियानो शिकणं चाललं होतं. गल्लीचा हिरमोड झाला. माझा थोडा जास्त.

पुढं डिमेलो बाईंनी तिला जुन्या कॅसेटींचं एक खोकं दिलं. त्यांचे यजमान तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत वाजवायचे, त्यांच्या त्या कॅसेटी. खोक्यातून जॅझ निघालं. कणगीतून घूस निघावी तसं निघालं आणि पोरीच्या डोक्यात जाऊन बसलं. तेव्हापासून भिंतीपलीकडून तिच्या कीबोर्डवरून, आमच्या भाषेत बाजावरून, जे यायला लागलं ते मी तुम्हाला कसं सांगू? गाणं सुरू व्हायचं शहाण्यासारखं. चार पावलं सरळ चालायचं. मग जे वाट सोडायचं ते कुठल्या कुठं. गोदावरीवरून निघून पार घोटीच्या घाटात. मी पोळी लाटता लाटता थांबायची, की हे आता परत येतं की नाही? आणि ते यायचं. मागच्या दारानं, काहीच झालं नाही असं तोंड करून. आमच्या ह्यांच्यासारखं.

बी.कॉम. झालं. मग पुण्याला कुणाकडे तरी शिकली. लहान मुलांचे क्लास घेऊन तिथलं भाडं भागवलं. परत आली ती 'अरेंजर' होऊन. मी विचारलं, म्हणजे काय गं? माझं शिवणाचं मशीन चालू होतं. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, कापड एकच असतं. पण तू बाही वेगळी कापतेस, पाठ वेगळी, कॉलर वेगळी. तसं मी गाणं कापते. प्रत्येक वाद्याला त्याचा तुकडा."

"आणि जोडतं कोण?"

"वाजवणारे. सगळे एकदम वाजवतात तेव्हा."

मी मान डोलावली. पण मनात म्हटलं, मी कापलेली बाही माझ्या हातात असते गं बाई. तुझी बाही दुसऱ्याच्या तोंडात.

त्यानंतर सुरू झालं शनिवार-रविवारचं प्रकरण. संध्याकाळी काळा ड्रेस, केस मोकळे, आणि परत येताना पांढरी गाडी. गाडीत शौनक नावाचा गोरागोमटा माणूस. गंगापूर धरणाच्या बाजूला त्याची द्राक्षबाग आहे. तिथं द्राक्षं पिकवतात असं सांगतात. बाटलीत काय भरतात ते आपण विचारत नाही. पायल म्हणायची, तिथल्या लॉनवर मी पियानो वाजवते. मी म्हणायचे, हो का. गल्ली म्हणायची, हो का, हो का.

शेवटी मी चांदवडच्या नणंदेला बरोबर घेतलं आणि बाग बघायला म्हणून गेले. आत शिरायलाच तिकीट! नणंदबाई तिथंच अडून बसल्या. "उज्वला, आमच्या कांद्याच्या चाळी बघायला कुणी तिकीट काढलेलं मी पाह्यलं नाय!" कशीबशी आत नेली. बघते तर पोरगी खरंच पियानो वाजवत होती. मान खाली, पाठ ताठ, आणि आजूबाजूला लोक चीज खात गप्पा मारत होते. एकाचंही लक्ष नाही. गाणं संपलं की कुणीतरी चमचा ठेवून एक टाळी वाजवायचा. माश्या मारल्यासारखी. तिकिटाच्या खिडकीवर बसलेली बाई चौकशी करायला आली. ती शौनकची बायको, आभा. पायलला कामावर तिनंच ठेवलेलं, आणि पांढरी गाडीही तिचीच. "मुलगी एकटी जाते म्हणून मीच ह्याला पाठवते सोडायला," म्हणाली.

इतका पाळूनपोसून मोठा केलेला संशय अशा फालतू कारणानं मेला, याचं मला घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं. वाटेत नणंदेनं द्राक्षाचा भाव काढला. मला कसला भाव सुचतोय!

पण रवीभाऊंचा संशय निराळा होता, आणि तो मरायला तयार नव्हता. त्यांना पोरीची भीती नव्हती, पोरीच्या धंद्याची होती. असा धंदा असतो तरी का? नाशिकमध्ये कुणी जॅझ वाजवून म्हातारं झालेलं दाखवा, म्हणायचे. त्यांच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसायची एक जागा होती. साहेबांना सांगून त्यांनी ती धरून ठेवली होती. भिंतीतून मला सगळं ऐकू आलं.

"या हिवाळ्यापर्यंत तुझं बघ. काही झालं तर झालं. नाही झालं तर अंबड."

"आणि पियानो?"

"घरी वाजव. कोण नको म्हणतंय?"

पलीकडे बाजाचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला.

हिवाळ्यात त्या बागेत संगीताचा एक उत्सव भरतो. मुंबईचा हर्षल म्हणून एक जण तिथं येणार होता. त्याचा स्वतःचा मोठा जॅझचा ताफा, आणि तो अरेंजर शोधत होता. आभानं पायलला संध्याकाळची वेळ दिली, की तुझं स्वतःचं काहीतरी ऐकव. आता पोरीनं काय करावं? पुण्या-मुंबईची चार शिकलेली पोरं बोलवावीत की नाही? नाही! ती म्हणाली, मी भिमाजी मास्तरांचा बँड घेणार. आणि वाजवणार काय, तर तिच्या आजोबांनी, धोंडीरामबाबांनी बांधलेली वरातीची चाल. ही चाल आमच्या भागातल्या प्रत्येक नवरदेवाच्या घोड्यापुढं वाजलेली आहे. घोड्यांनाही पाठ आहे.

मास्तर खूश. बँड खूश. लाल कोट उसवलेले होते, ते सगळे माझ्याकडे दुरुस्तीला आले. सोनेरी फीत, नवी बटणं. अडचण एकच. लग्नाच्या तिथी दाट, त्यात कुणाची पाळी, कुणाचं दुकान. सगळे एका जागी जमेनात. आणि यांना कागदावरचं वाचता येत नाही. मग पायलनं प्रत्येकाचा तुकडा स्वतः गाऊन त्याच्या त्याच्या मोबाईलवर पाठवला. ज्यानं त्यानं आपापल्या घरी बसवायचा. उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी समाजमंदिरात एकदाच सगळे जमायचं, असं ठरलं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. वरातीच्या बँडची रीत काय असते? चाल एक, आणि ती सगळ्यांनी मिळून वाजवायची. क्लॅरिनेट तीच वाजवतो, ट्रम्पेट तीच, युफोनियमचा मोठा भोंगाही तीच. ज्याच्या छातीत दम जास्त त्याची जास्त ऐकू येते. इतकंच राजकारण. अशा माणसांना तुम्ही गाण्याचे तुकडे वाटले तर काय होईल?

पहिला आला सनी. मोबाईलच्या दुकानात असतो, ट्रम्पेट वाजवतो. कोटाचं माप देताना इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, कुणाला सांगू नका."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मान हलवली, म्हणजे सांगणार नाही.

"मला गाणंच दिलेलं नाही हो! बाबांची चाल चाललीय, आणि मी काय करतोय? प्यां. थांब. प्यां प्यां. थांब. आई म्हणाली, सन्या, तुझ्या ट्रम्पेटात काही अडकलंय का? मला वाटतं, पायलताईला मला पुढं येऊ द्यायचंच नाही."

"मग करणार काय?"

"स्टेजवर सरळ चाल वाजवणार. मी एकट्यानं वाजवली तर कुणाला कळतंय? झालाच तर गाण्याला आधारच होईल."

दुसरा आला भिकनदादा. सटाण्याकडचा. भला थोरला युफोनियम आणि भला थोरला पोटाचा घेर. त्याचा कोट मी दर वर्षी सैल करते आणि तो दर वर्षी म्हणतो की कापड आटलं. तो तर रडकुंडीलाच आला होता. "ताई, मन्हा वाटाले गानंच उनं नही!" त्याच्या वाट्याला चाल आलीच नव्हती. आले होते ते चार खालचे सूर, ओढ्यात म्हैस बसल्यासारखे. त्याची खात्री पटली होती की आपण खेड्यातले म्हणून पोरीनं आपल्याला येड्यात काढलं. तोही म्हणाला, ऐन वेळी मी आपली चालच वाजवणार. कुणाले सांगू नको, ताई.

तिसरे खुद्द भिमाजी मास्तर. त्यांना चाल मिळाली होती, पण अर्धी. "अर्ध्यावर मी क्लॅरिनेट खाली ठेवायची, आणि पुढची हिनं एकटीनं पियानोवर वाजवायची! मलई कुणाकडे गेली बघा. धोंडीराम माझा गुरू. त्यानं ही चाल मला शिकवली तेव्हा ही पोर जन्मलीसुद्धा नव्हती."

"मग मास्तर?"

"मग काय? मी खाली ठेवणारच नाही."

आणखीही जण येऊन गेले. प्रत्येकाचा कोट वेगळा, कहाणी एकच. शेवटी रवीभाऊ आले. मी मुद्दाम खडा टाकला. "काय रवीभाऊ, तुमचा भाग बरोबर आहे ना?"

"ड्रमला कसला भाग? वाजवायचा." आणि कोट घेऊन चालते झाले. डोळ्याला डोळा दिला नाही. मला ते बोलणं फार गुळगुळीत वाटलं.

तालमीचा शनिवार उजाडला. राहिलेली बटणं लावायला म्हणून सुईदोरा घेऊन मीही समाजमंदिरात हजर. बटणं घरीही लावता आली असती, पण असो. पायलनं बाजा टेबलावर मांडला, हात वर केला, आकडे मोजले आणि सगळे सुटले.

सगळे म्हणजे सगळे. एकच चाल, एका दमात, कानठळ्या बसतील अशी. बाहेर रिक्षा थांबली, वरात कुठली म्हणून. पायलची बोटं पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर फिरत होती, पण ऐकू काय येणार? पुरात कुणी बासरी वाजवावी तसं. तिनं हात उचलले. हळूहळू सगळे थांबले, आणि मग खरी गंमत झाली. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायला लागला.

"सन्या, तू कसा काय चाल वाजवतोयस?" मास्तर गरजले.

"आणि तुम्ही, मास्तर? तुम्हाला अर्ध्यावर थांबायचं होतं ना?"

"तुला कुणी सांगितलं मला काय आहे ते?" मी खाली बघून सुईत दोरा ओवायला लागले.

"भिकनदादा, तुम्ही तर खालून वाजवणार होता!"

भिकनदादा युफोनियमआड गेला. जितका जाता आला तितका.

पायलनं सरळ बापाकडे बघितलं. आवाज अगदी साधा होता, म्हणून जास्त लागला.

"पप्पा, सगळ्यांनी चालच वाजवा, असं तुम्हीच सांगितलंत ना यांना?"

रवीभाऊंनी काठ्या खाली केल्या.

"तुमच्या ड्रमला चाल नाही. तुमचं काही जात नव्हतं. उद्या हे असंच वाजलं की हर्षल सर उठून जातील, आणि परवा मी अंबडला. तुमच्या साहेबांनी जागा धरलीय ना?"

रवीभाऊंनी ड्रमचा पट्टा गळ्यातून काढला. ड्रम भिंतीला टेकवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

आता माझ्या पोटात किती वेळ राहणार? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे माझं पोट. मी सुई कोटाला टोचली आणि उभी राहिले. "पायल, तुझ्या बापानं कुणालाही काही सांगितलेलं नाही. ह्या सगळ्यांनी मला सांगितलंय. एकेकट्यानं, माप देताना. सनीला वाटलं, तू त्याला पुढं येऊ देत नाहीस. भिकनदादाला वाटलं, तू त्याला येडा बनवतेस. मास्तरांना वाटलं, मलई तू खातेस. प्रत्येकानं ठरवलं की आपण एकट्यानंच चाल वाजवायची. एकजात सगळे एकटे!"

"ताई, तुम्ही म्हणाला होतात कुणाला सांगणार नाही!" सनी ओरडला.

"मी मान हलवली होती. तोंडात टाचण्या होत्या."

कुणी हसलं नाही. पायल बाहेर गेली आणि पायरीवर बापाच्या शेजारी बसली. माफी वगैरे काही मागितली नाही. आमच्याकडे बापाची माफी कोण मागतं? नुसती बसली. मी दाराआड उभी होते. हवा येत होती तिथं.

शेवटी रवीभाऊच म्हणाले, "हे लोक चाल सोडणार नाहीत. तू कितीही गोड गाऊन पाठव. पण थांब म्हटलं की थांबतात."

"कुठं थांबतात? आत्ता थांबले का?"

"दवाखान्यासमोर."

तिला कळलं नाही. रवीभाऊंनी सांगितलं. वरात रस्त्यानं चालली आणि वाटेत दवाखाना आला, की मास्तर मूठ वर करतात. सगळी वाद्यं बंद. फक्त साईड ड्रम चालू, तोही काठीच्या टोकानं, पावलापुरता. फाटक ओलांडलं की मूठ उघडायची. तेव्हा चाल पहिल्यापासून सुरू होत नाही. मधल्या वेळात जिथं पोहोचली असती तिथूनच सुरू होते.

"कशी काय?"

"मनात चालू असते ना. तोंड बंद असतं, चाल थोडीच बंद असते?"

"आणि सगळे बरोबर एकाच जागी येतात?"

"येतातच. जो चुकला त्याला मास्तर घोड्यासमोर शिव्या घालतात."

पायल बापाकडे बघत राहिली. तिची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, एक हात एकीकडे, दुसरा भलतीकडे. मग ताडकन उठून आत आली.

"मी पाठवलेलं सगळं पुसून टाका. प्रत्येकाला पूर्ण चाल. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

बँडमध्ये समाधानाची लाट आली, आणि लगेच तिच्यामागून संशयाची.

"पूर्ण? म्हणजे मलापण?" सनी.

"तुलापण. फक्त मधे मधे दवाखाना लागेल. कधी तुला, कधी भिकनदादांना, कधी सगळ्यांना. तोवर गप्प राहायचं, चाल मनात ठेवायची. मूठ उघडली की आत यायचं."

"आणि दवाखाना संपणार कधी?"

"मी सांगेन तेव्हा."

"मोठं हॉस्पिटल दिसतंय," सनी पुटपुटला.

मास्तरांनी घसा खाकरला. मूठ कुणी वर करायची? ते बँडमास्तर. त्यांच्या हयातीत दुसऱ्या कुणाची मूठ वर गेलेली नव्हती. पायल म्हणाली, "तुम्हीच मास्तर. माझे दोन्ही हात गुंतलेले असणार. मी मान हलवली की तुमची मूठ." मास्तरांनी थोडा विचार केल्यासारखं दाखवलं आणि मिशीवर बोट फिरवलं. कज्जा मिटला. दुपारपर्यंत तालीम चालली. कुणाच्या वाट्याला किती दवाखाना आला यावरून दोनदा भांडण झालं. माझी बटणं लावून झाली.

रविवारी संध्याकाळी बागेत आम्ही गेलो. मीही गेले, कोट माझे होते म्हणून. लॉनवर शहरी लोक पसरून बसलेले. लाल कोटांचा बँड स्टेजवर चढला तशी हशा पिकला. एक जण ओरडला, नवरदेव कुठाय? मास्तरांची कानशिलं तांबडी झाली. मला वाटलं, झालं, आता हे रागानं छाती फोडून वाजवतात आणि मूठबिठ सगळं विसरतात.

चाल सुरू झाली. तीच, सगळ्यांची मिळून, घोड्यापुढची. लोक हातातले ग्लास उंचावून डोलायला लागले. गंमत म्हणून डोलत होते, ते दिसत होतं. दुसऱ्या फेरीला पायलनं मान हलवली. मास्तरांची मूठ वर गेली आणि सगळं एकदम बंद.

राहिला फक्त रवीभाऊंचा ड्रम, काठीच्या टोकानं. आणि पियानो.

काय वाजवलं ते मला विचारू नका. चाल नव्हती ती. चालीच्या घरातल्या खोल्या असाव्यात, ज्यांत आम्ही कधी गेलोच नव्हतो. लॉनवरचं डोलणं थांबलं. ग्लास खाली आले. पायल दूर दूर जात होती, आणि मी बँडकडे बघत होते. कुणाच्याच चेहऱ्यावर विश्वास नव्हता. सनीचे ओठ हलत होते, मनातली चाल धरून ठेवायला. भिकनदादानं डोळे गच्च मिटले होते. मास्तर मूठ वर धरून पोरीकडे असे बघत होते, की ही आता येते का आम्हाला दवाखान्यातच टाकून जाते! रवीभाऊ मात्र तिच्याकडे बघतही नव्हते. ते नुसते तिच्याबरोबर चालत होते, काठीच्या टोकानं.

तिनं मान हलवली. मूठ उघडली.

आणि सगळे आले. बरोबर त्या जागी, जिथं चाल एव्हाना पोहोचली असती. एकही मागं नाही, एकही पुढं नाही. माझ्या शेजारचा माणूस मोठ्यानं 'आई गं' म्हणाला. चांगला इंग्रजी बोलत होता तोपर्यंत.

पुढं अजून दवाखाने झाले. एकात एकटा भिकनदादा चालू राहिला, आणि काय शोभला! संपलं तेव्हा टाळ्या माश्या मारल्यासारख्या नव्हत्या.

स्टेजमागं हर्षल आला. दाढीवाला, पस्तिशीचा, चेहरा इन्कम टॅक्सवाल्यासारखा. पहिलंच वाक्य, "कागद दाखव."

"कागद नाहीये, सर."

"मग याला अरेंजमेंट कशी म्हणायची? हे सगळे एकच चाल वाजवत होते. यात तू काय केलंस?"

पायल मास्तरांकडे बघायला लागली. मला वाटलं, गेलं. गेलं अंबडला.

भिमाजी मास्तर पुढं झाले. "साहेब, आम्ही थांबलो ते हिनं थांबवलं म्हणून. आमच्या मनानं आम्ही कधी थांबत नाही. अख्ख्या नाशिकमध्ये विचारा."

"लोक पोलिसांत गेल्यात, तरी नाही थांबलो," सनीनं पुरवणी जोडली.

हर्षल एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. यांनी आपल्याला फसवायचं ठरवून ठेवलंय की काय, अशा नजरेनं. मग म्हणाला, "माझ्याकडे डझनभर वाजवणारे आहेत. सगळे शिकलेले. त्यातला एकही थांबत नाही." आणि पायलकडे वळून म्हणाला, "मार्चमध्ये मुंबईला ये. दोन गाणी बसव. जमलं तर पुढचं बोलू."

पायल बापाकडे बघत होती. रवीभाऊंच्या गळ्यात ड्रम तसाच होता. त्यांनी हर्षलला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"राहायची सोय कुठं?"

"माझी आई-बहीण राहतात दादरला, त्यांच्याकडे."

"बहीण काय करते?"

"शाळेत शिकवते."

"कुठल्या शाळेत? जेवणाचं काय? तालीम संपली की घरी कोण सोडणार? गाडी कुणाची?"

प्रश्नावर प्रश्न. हर्षलला घाम फुटला. शौनक मधे बोलायला गेला तर आभानं त्याला कोपरानं गप्प केलं. पायल कावरीबावरी झाली होती, पप्पा आता बिघडवणार म्हणून. मी मात्र गालात हसत होते. भिंतीच्या अलीकडे राहून मी या माणसाला ओळखून आहे. नाही म्हणायचं असलं की रवीभाऊ एका शब्दात म्हणतात आणि जेवायला बसतात. चौकशी करत नाहीत.

सगळी उत्तरं झाली. रवीभाऊंनी ड्रम उतरवला. "अंबडच्या साहेबांना उद्या सांगतो," ते पोरीला म्हणाले, "त्या जागेला दुसरं कुणी बघा म्हणून."

भिकनदादानं खिशातला रुमाल काढला, पायलला द्यायला, आणि स्वतःच डोळे पुसले.

रवीभाऊ हर्षलकडे वळले. मोबाईल पुढं केला.

"तुमच्या आधार कार्डाचा फोटो टाका याच्यावर. आईच्याही."